आईच्या रक्तातला आकडा

आईच्या रक्तात काय निघालं हे मला दवाखान्यात कळलं नाही. ते कळलं गावाकडे, आमच्या शेतात, नांगरून टाकलेल्या शेवंतीच्या वाफ्यांपुढे उभी असताना. तेव्हा आलेला राग अजून गेलेला नाही. तो जावा असा माझा फारसा प्रयत्नही नाही.

मी अकोल्याच्या एका शाळेत गणित शिकवते. आई चांदूर बाजारच्या अलीकडे आमच्या गावी, माझ्या धाकट्या भावाजवळ राहायची. लोक म्हणत, आई लेकाकडे राहते. खरं म्हणजे लेक आईकडे राहत होता. बाबा गेल्यानंतर शेत तिनंच सांभाळलं. कपाशी, तूर भावाच्या हवाली केली, पण विहिरीजवळचा तुकडा तिनं कोणाला लावू दिला नाही. तिथं तिची फुलं होती. पावसाळ्यात झेंडू, थंडीत शेवंती, बांधाला निशिगंध. पहाटे तोडायची आणि पहिल्या गाडीनं अमरावतीच्या फूलबाजारात घेऊन जायची. तिच्या पिवळ्या शेवंतीचं बेणं तिच्या आईकडून आलेलं होतं. हंगाम संपला की ती सारी झाडं उपटायची नाही. एका वाफ्यात मूळ झाडं राखून ठेवायची, त्यांच्या बुडाशी फुटलेल्या काश्या पुढच्या वर्षी लावायची. दुकानातलं बेणं तिनं कधी आणलं नाही.

तिला धाप लागू लागली तेव्हा आम्ही आधी दमा समजलो. मग अमरावतीच्या हृदयाच्या डॉक्टरांनी इको काढला आणि सांगितलं की हृदय मोठं आणि ढिलं झालं आहे, रक्त पुढे ढकलायची ताकद निम्म्याहूनही कमी आहे. अशा हृदयाचा ठोका एखाद्या वेळी एकदम बिघडतो आणि माणूस उभ्या उभ्या जातो. म्हणून डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, एक छोटं यंत्र बसवलं. ठोका बिघडला की ते आतून विजेचा झटका देतं आणि हृदय पुन्हा ताळ्यावर आणतं. आई त्याला डबी म्हणायची. ब्लाउजवरून बोट फिरवून बायांना दाखवायची, "हे पाह्य, बॅटरीवर चालून राहिली आता मी."

डबीनं तिला एकदा खरोखर वाचवलं. भर फूलबाजारात, गिऱ्हाइकाला झेंडू मोजून देताना ती खाली बसली आणि झटका बसला. भाऊ शेजारीच होता. तिचं अंग उडालेलं त्यानं पाहिलं. आई नंतर म्हणाली, "छातीवर म्हशीनं लाथ मारल्यावानी झालं." अर्ध्या तासानं पाणी पिऊन तिनं उरलेला झेंडू विकला. भाऊ मात्र त्या दिवशी जेवला नाही. हे मी त्याच्या बाजूनं सांगते आहे, कारण पुढे त्याच्या बाजूनं सांगण्यासारखं फार नाही.

दर काही महिन्यांनी डबी तपासायला अमरावतीला जावं लागे. मी अकोल्याहून बसनं यायची, ते दोघं गावाहून. डॉक्टरांनी सांगितलेली प्रत्येक गोष्ट मी वहीत लिहून घ्यायची, औषधांच्या वेळा वहिनीला समजावून सांगायची. त्या हिवाळ्यात डॉक्टर म्हणाले, या वेळी रक्ताच्या एकदोन वेगळ्या तपासण्या करू. दुपारी रिपोर्ट आले. डॉक्टरांनी आईला ईसीजी काढायला आत पाठवलं. मला म्हणाले, "ताई, तेवढी औषधं घेऊन या खालून." मी गेले. परत आले तर भाऊ बाकावर बसला होता, हात गुडघ्यांवर, नजर फरशीवर.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"काई नाई. रक्त थोडं कमी हाय म्हणे. गोया देल्या."

मला अकोल्याची बस धरायची होती. मी आईच्या पिशवीत औषधं ठेवली आणि निघाले.

पुढचे काही आठवडे आई फोनवर मजेत होती. फक्त एकदा म्हणाली, "बाई, आजकाल लय लोकं येऊन राहिले मले भेटाले. तुही मावशी धामणगावहून आली अन् रडूनच राहिली. काहून रडतं म्हतलं तर सांगे नाई." मी हसले. मावशी लग्नातही रडते.

मग एका रविवारी मी न सांगता गावी गेले. शेत रस्त्यालाच आहे, म्हणून घराच्या आधी तिथंच उतरले. विहिरीजवळचा तुकडा सपाट होता. ट्रॅक्टर फिरून गेला होता. राखून ठेवलेला शेवंतीचा वाफाही नव्हता, ढेकळांत वाळक्या काड्या दिसत होत्या. सगळ्या तुकड्यावर चुन्याचे ठिपके, ठरावीक अंतरावर. संत्र्याच्या कलमांसाठी खड्डे आखले होते. भाऊ बांधावर उभा होता.

"हे कोणी केलं?"

"मीनंच."

"आईला विचारलंस?"

त्यानं चुन्याच्या ठिपक्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "ताई, आता कोण करते फुलं? तिच्यानं होत नाई. पुढच्या वर्षी..." आणि तिथंच थांबला.

"पुढच्या वर्षी काय?"

तेव्हा त्यानं सांगितलं. हृदयावर ताण पडला की त्याच्या भिंतीतून एक द्रव्य रक्तात उतरतं. ते आईच्या रक्तात फार वाढलं होतं. हृदयाच्या स्नायूची झीज दाखवणारी दुसरी खूण होती, तीही चढलेली, आणि किडनीही दमलेली. डॉक्टर त्याला म्हणाले होते की डबी असलेल्या ज्या पेशंटचे हे आकडे एवढे वर जातात, त्यांना डबीचाही फार उपयोग होत नाही. डबी अचानक येणारं मरण अडवते. हळूहळू दमत जाणाऱ्या हृदयाला ती काही करू शकत नाही. एखादं वर्ष धरून चाला, असं ते म्हणाले होते.

"आन् मले म्हणे, पेशंटले सांगू नका. खचून जाते माणूस."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू लगेच तिले सांगतलं असतं."

ते खरं होतं. म्हणूनच मी जास्त भडकले. दर खेपेला अकोल्याहून येणारी मी, औषधांची नावं पाठ असलेली मी, आणि डॉक्टरांना बोलायला सापडला तो घरातला पुरुष. डॉक्टरनं त्याला सांगितलं, त्यानं वहिनीला, वहिनीनं मावशीला, मावशीनं अर्ध्या नात्याला. ज्या बाईचं रक्त होतं ती तेवढी सोडून तो आकडा सगळ्यांना माहीत होता.

घरी गेले तर आई ओसरीवर खाटेवर बसली होती. मांडीवर ताट. ताटात भजे, पापड, मिरचीचा ठेचा, लोणच्याच्या दोन फोडी. मी तिच्या पायांकडे पाहिलं. घोटे दिसत नव्हते. बोटानं दाबलं तर खळगा पडला आणि तसाच राहिला.

"वहिनी, मीठ बंद आहे ना तिचं?"

वहिनी दारात उभी राहून पदराशी चाळा करत होती. हळूच म्हणाली, "आता काय बंद करता ताई. खाऊ द्या जे मन होईन ते."

मावशीनं लोणच्याची बरणी आणून दिली होती. शेजारीण कुरड्या. भावानं तिची रोज वजन करायची सवय मोडली होती. लघवीची गोळी कधी दिली जायची, कधी नाही, कारण त्या गोळीनं तिला रात्री उठावं लागे आणि "आता कशाला तिले तरास". सगळे फार प्रेमानं वागत होते. त्या प्रेमानं तिच्या अंगात पाणी भरत चाललं होतं आणि तिला वाटत होतं की आपण वयानं जड झालो आहोत.

मी ताट उचललं. आई ओरडली, "अवं, जेवू दे ना."

मी तिच्यासमोर खाली बसले आणि सांगितलं. सगळं. भाऊ दारापर्यंत आला आणि "ताई, नको" म्हणाला, पण मी थांबले नाही. तपासण्या काय होत्या, काय निघालं, डॉक्टर काय म्हणाले, कोणाला म्हणाले. आई ऐकत होती. वर्षाचं ऐकून तिच्या चेहऱ्यावर फार काही हललं नाही. मग मी शेवंतीचं सांगितलं. तेव्हा मात्र ती उठली. भिंत धरून उभी राहिली, भावाकडे पाहिलं.

"काश्या बी?"

"त्या बी," तो म्हणाला.

"माह्या मायच्या होत्या त्या," ती म्हणाली. "मी मेल्यावर ट्रॅक्टर फिरवाचा होता. थांबाले काय झालं होतं तुले?"

त्यानंतर ती भावाशी बरेच दिवस बोलली नाही. जेवायला वाढलं तर जेवायची, पण त्याच्याकडे पाहायची नाही. मला मात्र म्हणाली, "चाल अमरावतीले. त्या डॉक्टरले इचारू."

आम्ही तिघंही गेलो. भावाला मीच ओढून नेलं. डॉक्टर तरुण होते, चाळिशीच्या आतले, बाहेर पन्नास माणसं बसलेली. वाईट माणूस नव्हता. मला तो वाईट असता तर सोपं गेलं असतं. आई खुर्चीत बसली आणि तिनं सरळ विचारलं,

"माह्या रक्ताचं माह्या लेकाले सांगतलं. मले काहून नाई?"

डॉक्टरांनी भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आई, तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून."

"तरास कोणाले होते? मलेच होते ना? दम मले लागते, झटका मले बसते. मंग गोष्ट दुसऱ्याले काहून सांगता?"

मग त्यांनी रिपोर्ट काढला आणि तिला समजावून सांगितलं, पहिल्यांदाच, तिच्याकडे पाहून. आईनं मधेच विचारलं, "हे एका वर्षाचं माह्या रक्तात लिहेल हाय का?"

"नाही. आकडा तुमच्या रक्तातला आहे. वर्षाचा अंदाज तुमच्यासारख्या पुष्कळ पेशंटवरून बांधलेला आहे. कोणी लवकर जातं, कोणी पुष्कळ जगतं."

"मंग मी त्यातली कोणती?"

"ते मला नाही सांगता येत."

मला राहवलं नाही. मी म्हणाले, "सर, मी पोरांना सरासरी शिकवते. वर्गाची सरासरी पन्नास आली म्हणून पहिल्या बाकावरच्या पोराला पन्नास मार्क पडले असं मी त्याच्या बापाला सांगत नाही."

"मी अंदाजच सांगितला होता, ताई."

"तुम्ही अंदाज सांगितला. ह्यांनी शेत नांगरलं."

त्यांना शेताचं काहीच माहीत नव्हतं. कसं असणार? ते गोंधळून भावाकडे पाहत राहिले. तेवढ्यात आईनं पुढचं विचारलं, "हा आकडा खाली येते का?"

"येऊ शकतो. मीठ, पाणी, गोळ्या नीट सांभाळल्या तर पुष्कळांचा येतो. म्हणून तर मी यांना सांगितलं होतं की मीठ कडक बंद, रोज वजन, दोन किलोनं वाढलं तर लगेच फोन करा." त्यांनी तिच्या पायांकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज बदलला. "हे काय? हे कधीपासून आहे?"

म्हणजे वाचवायचं जे होतं तेही भावाला सांगितलं गेलं होतं. त्याला त्यातलं फक्त मरण ऐकू आलं. आणि ज्या बाईनं ते मीठ तोंडात घालायचं की नाही हे ठरवायचं, तिला आकड्याचं काहीच सांगितलेलं नव्हतं.

डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले, "आणि झटका बंद करण्याबद्दल तुमच्या मुलानं विचारलं होतं, ते मी..." आणि थांबले. फार उशिरा थांबले.

"काय बंद करण्याबद्दल?" आई म्हणाली.

डॉक्टरांना सांगावं लागलं. शेवटच्या दिवसांत डबीचे झटके नकोसे होतात. तेव्हा यंत्राचा तेवढा भाग बाहेरून बंद करता येतो, कापाकापी न करता. भावानं विचारलं होतं की आत्ताच करता येईल का.

आईनं त्या दिवसानंतर पहिल्यांदाच भावाकडे पाहिलं. तो रडत होता. "मले नाई पाहवत ते, आई," तो म्हणाला. "बाजारात तू उडाली ना, ते मले नाई पाहवत आता."

मला त्याची कीव आली आणि तरी राग कमी झाला नाही. आई म्हणाली, "पाहवत नाई तर तिकडं तोंड कर. बंद कराचं असन तवा मी सांगीन." मग डॉक्टरांना म्हणाली, "यापुढं मले सांगत जा. हा काई डॉक्टर नाई अन् माहा बाप बी नाई."

तिला दवाखान्यात ठेवून घेतलं. सलाइनमधून औषध देऊन अंगातलं पाणी काढलं. घोटे पुन्हा दिसू लागले. घरी आल्यावर फुलांची पोती मोजायचा वजनकाटा तिनं ओसरीवर आणवला आणि रोज सकाळी त्यावर उभी राहू लागली. वजन ती मला फोनवर सांगायची, भावाला नाही. पुढच्या तपासणीत आकडा उतरलेला होता. चांगला नव्हताच, पण उतरला होता. आई गावभर सांगत सुटली, जणू दहावीचा निकाल.

ती शहाण्यासारखी वागली असंही नाही. एका लग्नात तिनं चोरून वांग्याची भाजी आणि ठेचा खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी तिला बसून झोपावं लागलं. पुन्हा अमरावती. मी तिच्यावर ओरडले तर म्हणाली, "मीनं माह्याच हातानं खाल्ला ना? मंग चूप राय." मी चूप राहिले. तो ठेचा तिचा होता.

संत्र्याची कलमं भावानं पावसाळ्यात लावलीच. आई आड आली नाही, पण विहिरीला लागून चार वाफे तिनं मागितले आणि झेंडू टाकला. पिवळ्या शेवंतीसाठी तिनं पातूरपर्यंत निरोप पाठवले, कोणाकडे तसलं बेणं असेल म्हणून. लोकांनी आणून दिलेल्या काश्या तिनं लावल्या, फुलं आली, तिनं एक खुडून पाहिलं आणि म्हणाली, "हे नाई ते." ती फुलंही तिनं विकली. पण तशी शेवंती पुन्हा आमच्या शेतात आली नाही.

डॉक्टरांनी सांगितलेलं वर्ष गेलं. त्यावर आणखी एक पोळा, एक दिवाळी. मग आकडा पुन्हा चढू लागला आणि या वेळी गोळ्या वाढवूनही उतरेना. डॉक्टरांनी ते तिलाच सांगितलं, मला शेजारी बसवून. ती उन्हाळ्यात खाटेला लागली. दोनदा झटके बसले. दुसऱ्या झटक्यानंतर ती म्हणाली, "आता बंद करा."

आम्ही तिला अमरावतीला नेलं. डॉक्टरांनी तिला तीनदा विचारलं, वेगवेगळ्या शब्दांत, की तिला कळलं आहे ना. तंत्रज्ञानं खांद्याखाली डबीवर एक चकती धरली, स्क्रीनवर काहीतरी दाबलं.

"दुखन का?" आईनं विचारलं.

"झालंसुद्धा," तो म्हणाला.

ती घरी गेली, काही आठवडे राहिली आणि एका दुपारी, मी शाळेत असताना, भावाच्या मांडीवर डोकं ठेवून गेली. फोन त्याचाच आला. आईनं शेवटी त्याच्याशी बोलायला सुरुवात केली होती, म्हशीबद्दल, पावसाबद्दल, विहिरीच्या मोटारीबद्दल. शेवंतीबद्दल नाही.

तेरवीला मावशी पंगतीत सगळ्यांना सांगत होती, "डॉक्टरनं सांगतलंच होतं ना. रक्तातच आलं होतं." बाया माना हलवत होत्या. मी ताटावरून उठले आणि म्हणाले, "मावशी, डॉक्टरनं काय सांगितलं ते तिला सोडून तुम्हा सगळ्यांना माहीत होतं. आता तरी गप्प बसा." मावशी रडायला लागली. कोणीतरी म्हणालं, अकोल्याच्या मास्तरीणबाई आहेत, सवय आहे ओरडायची.

लोक मला समजावतात की आकडा काही खोटा नव्हता, बाई थोडी जास्त जगली इतकंच. मलाही ते मान्य आहे. त्या तपासणीवर माझा राग नाही. हृदय किती दमलं आहे हे थेंबभर रक्तातून कळतं, ही चांगलीच गोष्ट आहे. ते वेळेवर तिच्या कानावर गेलं असतं तर तिनं स्वतः लोणचं बाजूला सारलं असतं, किंवा खाल्लं असतं. काय करायचं ते तिनं ठरवलं असतं. ते आठवडे तिच्याकडून काढून घेतले गेले. कोणी काढले? डॉक्टरांनी घाईत, भावानं भीतीत, बाकीच्यांनी मायेत. एकालाही आपण काही घेतलं असं वाटत नाही.

तेरवी उरकल्यावर भाऊ मला बसथांब्यापर्यंत सोडायला आला. संत्र्याची कलमं कमरेच्या वर आली होती. त्यांच्याकडे पाहत तो म्हणाला,

"ताई, माहं चुकलं का?"

तो काय ऐकायला थांबला होता ते मला कळत होतं. आता जाऊ दे, तुझं तरी काय चुकलं, असं म्हणायची आपल्याकडे रीत आहे.

"हो," मी म्हणाले. "चुकलं."

त्यानं मान हलवली. बस आली तेव्हा त्यानं माझी पिशवी आत ठेवली आणि खिडकीपाशी उभा राहिला, गाडी हलेपर्यंत.